शेवटी जी

बासष्टाव्या वर्षी मी एका चोराला दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. नुसतं सांगून थांबले असते तरी बरं होतं. मी त्याला एकेक इंग्रजी अक्षर सावकाश फोड करून सांगितलं आणि त्याने नीट लिहून घेतलं ना, तेही विचारून घेतलं. चोराने माझे आभार मानले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे आधीच कबूल करते. म्हणजे पुढे मी स्वतःला जे काही बोलेन ते कोणाला जास्त वाटायला नको.

ती दुसरी बाई म्हणजे आमच्या समोरच्या बदामभाभी. शहाद्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावर घर. माणसं मूळची राजस्थानकडची, पण पिढ्या इथेच गेलेल्या. भाभी नवऱ्याशी मारवाडी बोलत आणि बाकी सगळ्या जगाशी अहिराणी. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा माझ्याशी तरी जरा शुद्ध बोलतील अशी माझी समजूत होती. त्या मला मास्तरीन म्हणत, आणि ज्या सुरात म्हणत त्यावरून ती पदवी आहे की खोड, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बुटकं, रुंद शरीर, कपाळापर्यंत ओढणी, गालात लवंग. दुकानात मालकीण म्हणून बसत, पण गिऱ्हाइकाला कधी बसा म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

भाभींच्या मुलाने दुकानात कॅमेरा बसवला तेव्हाची गोष्ट. चोऱ्या वाढल्या होत्या, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. पण दुपारी डोंगराकडच्या बायका बाजार करून दुकानात येत, साडी अंगावर लावून बघत, पोराला पाजत तिथेच भिंतीला टेकत. त्या आल्या की भाभी स्टुलावर चढायच्या आणि कॅमेऱ्यावर धूळ पुसायचं फडकं टाकायच्या. मुलगा चिडायचा. त्याला त्यांचं एकच उत्तर असे, "चोर एखादीच ऱ्हास रे, बाया त बठ्ठ्या शेत." चोर एखादी, बाया मात्र सगळ्याच. एकदा खरंच फडक्याखालून एक चांगली साडी गेली. मुलाने आईला गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. भाभींनी लवंग या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाल्या, "साडीच गयी ना, कोन्ही बाईनं आंग त नही गयं." दुसऱ्या दिवशी फडकं पुन्हा जागेवर. मी तेव्हा मुलाच्या बाजूने होते. कोणी नवं यंत्र आणलं की मी त्याच्या बाजूने असायचेच.

त्यांच्या मालकांचे गुडघे गेले होते. जिना चढवत नसे, म्हणून गल्ल्यावर बसून ते फोनमध्ये बोलत आणि तो निरोप वर भाभींच्या फोनवर वाजे. "सुणो, चाय भेजज्यो." "सुणो, पावणा आया है." एवढंच. त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नाही आणि भाभींनी त्यांचं नाव कधी तोंडावर आणलं नाही. भाभींचं खरं नाव बदाम की सुणो, याबद्दल गल्लीत सगळ्यांनाच शंका होती. मालक गेले, प्रकाशा या तीर्थाच्या गावी जाऊन अस्थी तापीत सोडल्या, आणि चौदावा झाल्यावर भाभींनी दुपारी फोन हातात घेतला. त्यातला एक निरोप लावला. "सुणो, चाय भेजज्यो." मग उठून चहा ठेवला आणि खाली धाडला. मुलगा चहा पीत नव्हता, तरी धाडला. पुढे रोज तसंच. तो कप मुलाच्या पुढ्यात थंड व्हायचा आणि दुकानातला नोकर तो तसाच पिऊन टाकायचा.

त्याच सुमारास मी माझ्या ओसरीवर गल्लीतल्या बायकांसाठी फोनचा वर्ग काढला. निवृत्त होऊन मला शिकवायला कोणी उरलं नव्हतं, हे खरं कारण. सांगताना मी बायकांची सुरक्षा, नवं युग वगैरे सांगायचे. स्वतःच्या नातीकडून सकाळी शिकायचं आणि दुपारी जन्मापासून येत असल्यासारखं शिकवायचं, असा माझा थाट. पासवर्डचा धडा आला. कोणाला ओळखता येणार नाही असा ठेवा, म्हणून मी सगळ्यांकडून एकेक ठेवून घेतला. भाभींची पाळी आली तेव्हा त्यांनी कमरेची दुकानाची पिशवी काढली, तिच्यावर छापलेल्या मालकांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाई लिख."

मी हसले. मी हसले म्हणून ओसरी हसली. मी म्हटलं, भाभी, हे नाव तर दुकानाच्या पाटीवर फूटफूट अक्षरात आहे, अख्ख्या शहाद्याला पाठ आहे, हा कसला पासवर्ड.

"पाटीवर शे, मन्हा तोंडमा नही," त्या म्हणाल्या. "चोर मालेच इचारी ना? मी सांगाव नही. मंग तो काय करी?"

मला वाटलं, ही जुनी भीड मोडायची हीच वेळ आहे. मी म्हटलं, पासवर्ड ठेवते, पण आधी सगळ्यांसमोर एकदा नाव घ्या. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. घ्या भाभी, घ्या. मीही माझ्या नवऱ्याला सगळ्यांदेखत नावाने हाक मारत असे, त्याचा मला केवढा अभिमान, तोही मी तिथे सांगितला. भाभींनी पिशवी पुन्हा कमरेला खोचली. माझे मालक लवकर गेले, हे त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "तू त धनीले नाववरी हाका मारे. बिचारा आयकी आयकी थकी गया, अन चालना गया."

ओसरी जास्त जोरात हसली. मी चिडून त्यांचा पासवर्ड टाइप केला. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. नुसतं नाव लिहिते म्हणून रागावल्या. शेवटी जी लाव, म्हणाल्या. मी लावलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, वर्गातल्या सगळ्या पासवर्डांत तोच पक्का होता. माझा तर माझ्या नातीचं नाव आणि एक-दोन-तीन होता.

मग तो फोन आला. मुलगा माल आणायला सुरतेला गेला होता. मी भाभींकडे वर बसले होते. त्या शेव तळत होत्या आणि मी खात होते. फोन वाजला. स्पीकर लावायचा, म्हणजे नीट ऐकू येतं, हेही मीच शिकवलेलं, त्यामुळे त्यांनी तो लावला. पलीकडचा माणूस फार गोड मराठी बोलत होता. आजी, घाबरू नका, म्हणाला. फोनमधल्या तुमच्या आठवणी कोणी चोरू नये म्हणून आम्ही ज्येष्ठांचे फोन तपासतोय, सगळं तुमच्या सुरक्षेसाठी आहे, फक्त पासवर्ड बरोबर आहे का ते सांगा.

भाभींनी कढईत झारा फिरवला. त्याने पुन्हा विचारलं. भाभींनी शेवेचा दुसरा घाणा सोडला. माझी एक जुनी खोड आहे. वर्गात प्रश्न पडला आणि पोरं गप्प राहिली की शेवटी उत्तर मीच सांगून टाकायचे. तपासनीस आले की तर हमखास. त्यामुळे माझा वर्ग हुशार दिसायचा आणि पोरं ढ राहायची. पासवर्ड कोणाला सांगू नये हे मी त्याच महिन्यात ओसरीवर फळा लावून शिकवलं होतं. पण इथे प्रश्न पडला होता, माझी विद्यार्थिनी गप्प होती आणि पलीकडे साहेब वाटावा असा कोणीतरी थांबला होता. मी शेवेचा हात पुसला आणि म्हणाले, अहो, त्या नाव घेत नाहीत, मी सांगते.

भाभींनी माझं मनगट पकडलं. नखं रुतली. मला वाटलं, लाजतायत. मी एकेक अक्षर सांगितलं. "आणि शेवटी जी," मी म्हणाले, "तिथे भलेभले चुकतील." मग फोनवर एक आकडा आला, तोही मी वाचून दाखवला. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही शिक्षिका होतात का? मी लाजून हो म्हटलं. बासष्ट वर्षांची घोडी, लाजले.

त्याने फोन ठेवला. थोड्या वेळाने भाभींच्या फोनचा पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि त्यावर अक्षरं आली की आपलं स्वागत आहे, भाषा निवडा. मी म्हटलं, बघा, नवाकोरा करून दिला. आणि मराठी निवडून दिली.

चहाची वेळ झाली तेव्हा भाभींनी फोन हातात घेतला. बराच वेळ बोट फिरवलं. मग माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "तेस्ना आवाज कथा शे?" मी शोधला. जिथे शोधायचा तिथे शोधला, जिथे असणं शक्यच नाही तिथेही शोधला. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, फोनकडे बघत नव्हत्या. कढईतली शेव जळली.

मुलगा आला, त्याने धावपळ केली. थोडे पैसे गेले होते, त्याबद्दल भाभींनी विचारलंही नाही. चोराने कुलूपच बदललं होतं, आत जे साठवलेलं होतं ते परत मिळेना. मालकांचा स्वतःचा फोन तर ते गेल्यावर पुसून नोकराला दिलेला. तक्रार द्यायला आम्ही तिघं पोलीस चौकीत गेलो. पासवर्ड म्हणजे वडिलांचं नाव आणि आई ते कधी घेत नाही, हे मुलाने सांगितलं. लिहून घेणाऱ्याने विचारलं, मग पासवर्ड कोणी सांगितला? मी छतावरच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. हो, माझ्या तोंडात उत्तर होतं. जन्मात पहिल्यांदा मी उत्तर सांगितलं नाही.

भाभी म्हणाल्या, "मीच सांगं."

मुलाने मान वळवून आईकडे बघितलं. लिहून घेणारा गालात हसला. म्हणाला, आजी, घरात कधी नाव घेतलं नाही म्हणता आणि फोनवरच्या परक्या माणसाजवळ बरं घेतलं. भाभींनी ओढणी पुढे ओढली. मी त्यांना पाणी आणून दिलं. तेवढंच केलं.

गोष्ट गल्लीत आली आणि घरोघर फिरली. जन्मभर ज्यांचं नाव घेतलं नाही ते चोराजवळ घेतलं म्हणे. माझ्याच वर्गातल्या बायका हे एकमेकींना सांगून हसत. भाभी दुकानात बसायच्या, ऐकायच्या, कापड फाडायच्या. मुलगा काही दिवस आईशी बोलला नाही. आणि मी काय केलं? मी पुढचा धडा घेतला. पासवर्ड सांगितला की काय होतं, यावर. आपल्याच ओळखीतल्या एका बाईचं उदाहरण देते, म्हणाले, मात्र नाव न घेता. नाव न घेण्याचं शहाणपण मला नेमकं तेव्हा सुचलं. साऱ्या बायकांनी माना वळवून समोरच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत भाभी उभ्या होत्या.

त्यानंतरही भाभी बरीच वर्षं जगल्या. माझ्याशी बोलत राहिल्या, माझ्या भाकरीला, सुनेला, चालण्याला नावं ठेवत राहिल्या. कॅमेऱ्यावर फडकं टाकत राहिल्या. मुलाने आणलेल्या नव्या फोनला मात्र हात लावला नाही. खरं कोणाला सांगितलं नाही. गेल्या, तेव्हा मुलगा माझ्याजवळ रडत म्हणाला की मावशी, शेवटी आई जरा भोळीच राहिली. मी तेव्हाही पंखाच बघितला. आता दुकानावर काचेची नवी पाटी आहे, तिच्यावर कसलंसं इंग्रजी नाव आहे. मालकांचं नाव शहाद्यात कुठेच लिहिलेलं उरलं नाही. माझ्याजवळ आहे, स्पेलिंगसकट. इथे लिहीत नाही. मी ते एकदा सांगून बसले आहे.

त्या प्रकाराबद्दल भाभी माझ्याशी एकदाच बोलल्या, त्या धड्याच्या दुसऱ्या दिवशी. खिडकीतून हात करून त्यांनी मला वर बोलावलं. शिव्या खायची तयारी करून मी जिना चढले. दारातच सुरुवात केली की भाभी, माझं चुकलं, मी आजच मुलाला सगळं सांगते. त्यांनी मला पाट दिला. चहा ठेवला. दुपारची तीच वेळ होती, फोन कोनाड्यात उपडा पडला होता. चहाला उकळी आली, त्यांनी तो गाळला, कप माझ्यापुढे सरकवला, आणि आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "कोन्हाले काही सांगू नको. तेस्नं नाव तुले चांगलं येस. आते रोज दुपारले मन्हा दारमा येत जाय, अन तेस्ना आवाजमा म्हन, सुणो, चाय भेजज्यो."