सव्वा महिन्याच्या आतला ताप

आमच्या गावच्या आशाताई दार कधी वाजवीत नसत. थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरून आधी लेकराचे टोपरे सोडीत आणि मग "काय चाललंय?" म्हणून विचारीत. कळमनुरीजवळच्या आमच्या खेड्यात आरोग्याच्या कामासाठी त्या घरोघर फिरत. त्यांचा हा आगाऊपणा मला सोसत नसे. तोंडावर सांगणे मात्र जमले नाही.

चार वर्षांच्या नातीला ताप आला की माझी पत्नी तिला वाकळेत गुंडाळून ठेवीत असे आणि मी अर्ध्याअर्ध्या तासाने तापमापक लावीत असे. ताई येताच वाकळ बाजूला होई. "काकू, लेकरू हाय का भाकरी, गुंडाळून ठिवायला?" मी आदबीने एकशे एक पूर्णांक चार हा आकडा सांगे, तो त्या ऐकतही नसत. "गुरुजी, आकडा काय पाहून राहिले? पोरीकडं पाहा. पाणी पिती का? लघवी झाली का?" हा प्रश्न पाहुण्यांदेखत, आणि नेमका मलाच. नात खेळताना दिसली की "मंग काहून घाबरता?" म्हणून त्या चालू लागत.

पुढे मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. बाळ सव्वीस दिवसांचे असताना एका दुपारी त्याचे अंग तापले. आकडा शंभराच्या जरासाच वर होता. ताईंचाच धडा आठवून मी टोपरे सोडले आणि स्वस्थ बसलो. त्या आल्या तेव्हा काहीशा अभिमानाने म्हणालो, "घाबरलो नाही, ताई. किरकोळ ताप आहे."

"दूध पेतंय का?" त्यांनी मुलीला विचारले.

"सकाळपासून ओढतच नाही. नुसतं झोपून राहिलंय."

"हिंगोलीला चला. आत्ता."

मी वैतागलो. "अहो, घाबरू नका म्हणून तुम्हीच सांगत होता ना?"

"ते थोरल्या नातीचं, गुरुजी. एवढ्याशा जिवाला ताप आला की घरी बसायचं न्हाई. थोडा असो का लई."

पत्नी दारात आडवी उभी राहिली. "सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याबाहेर काढत न्हाईत."

"मंग मी काढते, काकू. दोष माझ्यावर घाला." बाळाला उचलून त्या रिक्षाकडे निघाल्यासुद्धा, मागोमाग मुलगी, आणि चपला शोधीत मी.

बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला होता. दहा दिवस इंजेक्शने चालली, बाळ वाचले. डॉक्टर मला म्हणाले, "गुरुजी, वेळेवर आणलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होतं." ताई शेजारीच उभ्या होत्या. 'मी नव्हे, यांनी' एवढेही माझ्या तोंडून निघाले नाही. मी नुसती मान हलविली. त्यावर कहर म्हणजे गावात त्यांनीच सांगत सुटावे, "गुरुजींनी येळेवर नेलं."

गेल्या वर्षी ताई आजारपणात गेल्या. आता मी खरे काय ते सांगू लागलो की लोक हसून म्हणतात, "गुरुजी, तुमाला मोठेपणा घेताच येत न्हाई."