हळदीखालचा रंग

लग्न तीन कॅमेऱ्यांवर शूट होतं आणि तिन्ही कॅमेरे एकाच नवरीला तीन रंगांत दाखवतात. एकात ती गुलाबी, दुसऱ्यात मातकट. तिसरा कॅमेरा जुना, त्यात सगळं वऱ्हाडच हिरवट. बघणाऱ्याला यातलं काही कळू नये, सगळ्या क्लिपा एकाच नजरेनं पाहिल्यासारख्या वाटाव्यात, हे माझं काम. सोलापुरात याला मिक्सिंग म्हणतात आणि मला मिक्सिंगवाली. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करते. एडिटर म्हणा.

वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, घरात बोलायचो तेलुगू. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. बी.एस्सी. केलं, तेही फिजिक्स घेऊन. फिजिक्स करून लग्नाचे व्हिडिओ जोडतेस का, असं मावशी दर दिवाळीला विचारते. प्रकाश हा फिजिक्सचाच धडा आहे, असं मी तिला सांगते. तिला पटत नाही, मला पटतं.

मी सांगतेय ते लग्न मंगळवेढ्याच्या एका लिंगायत कुटुंबातलं होतं. वधूपित्याचं तिथं बी-बियाणाचं दुकान. लग्न सोलापुरात, मंगल कार्यालयात झालं. मी लग्नाला नव्हते, मी कुठल्याच लग्नाला नसते. माझ्याकडे माणसं हार्ड डिस्कमधून येतात. तरी काम संपेपर्यंत नवरीची आत्या कुठं रुसली आणि कुणाला जेवण मिळालं नाही, हे मला घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी आधी एक क्लिप पक्की करते, मग बाकीच्या तिच्या रंगाला आणून बसवते. हळदीची क्लिप त्यासाठी कधी घ्यायची नाही. सॉफ्टवेअरला हळद कळत नाही. त्याला वाटतं, कॅमेऱ्याचा रंग बिघडलाय, आणि ते हळद पुसून टाकतं. नवरी धुऊन निघाल्यासारखी दिसते. आणि या लोकांत तर सुरगी असते. चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवून त्यांना सूत गुंडाळतात, मध्ये नवरीसोबत तिच्या आईवडिलांनाही बसवतात आणि तिघांनाही हळद लावून न्हाऊ घालतात. म्हणजे त्या दिवशी घरातली महत्त्वाची सगळी तोंडं पिवळी. म्हणून मी अक्षतांची क्लिप पक्की केली आणि कामाला लागले.

सगळे जुळले. नवरीचे वडील जुळेनात.

माणूस काळा असो की गोरा, कातडीचा रंग मोजायच्या आलेखात एका ठरावीक रेषेच्या आसपासच पडतो. कातडीखालचं रक्त सगळ्यांचं एकच, म्हणून. नवरी त्या रेषेवर आली, तिची आई आली, लग्न लावणारे स्वामी आले, आचारीसुद्धा आला. वडिलांचा चेहरा रेषा सोडून पिवळ्याकडे सरकलेला. मी जुन्या कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. मग बघितलं तर बाकीच्या दोन कॅमेऱ्यांतही तेच.

स्टुडिओचे मालक, त्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो, मागून बघत होते. "मांडवाचं कापड पिवळं होतं. त्याचा उजेड पडला असेल."

"सगळ्यांवर पडेल ना भाई. एकट्यावर कसा पडेल?"

"मग हळद राहिली असेल. बुजुर्ग आदमी, नीट घासली नसेल."

रिसेप्शनची क्लिप काढली. मागं पांढरा पडदा, शेजारी जावई पांढऱ्या शर्टात. शर्ट पांढरा होता. जावयाच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं होतं. सासऱ्यांच्या डोळ्यांतलं पिवळं होतं. डोळ्यांत कुणी हळद लावत नाही.

भाईंनी क्लिप मागं नेऊन पुन्हा बघितली. मग म्हणाले, "बेटा, अपना काम रंगाचं. तू डॉक्टर है क्या? शादीच्या घरात असं बोललीस तर परत कुणी आपल्याकडे यायचं नाही."

ते वाईट माणूस नाहीत. धंदा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण शिकलेल्या माणसानं दिसलेलं दिसलं म्हणावं, असं मला वाटतं. ऑर्डरवर फोन नंबर त्यांचाच, वधूपित्याचा होता. पाठवणीच्या वेळी सनई ठेवू की गाणं, असं विचारायच्या निमित्तानं मी फोन लावला.

"सनईच ठेव की. गाण्यानं बायका लई रडतात."

"बरं. अप्पा, एक विचारू? तुमची तब्येत बरी आहे ना?" नवरी क्लिपांमध्ये त्यांना अप्पा म्हणायची, तेच माझ्या तोंडी बसलं होतं.

"का गं? सोंगाड्यागत दिसतोय व्हय मी त्यात?"

"तुमचे डोळे पिवळे दिसतात. दवाखान्यात दाखवा एकदा."

पलीकडे दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी मक्याच्या बियाणाचा भाव विचारत होतं. ते उठून बाहेर गेले असावेत. मग आवाज शांत झाला.

"दाखवलंय. लग्नाच्या आधीच. पोटात गाठ हाय म्हणतात, मोठ्या दवाखान्यात जा म्हणले. तवा गेलो असतो तर लग्न राहिलं असतं, आन् राहिलेलं लग्न पुन्हा जमतं का? हळदीनं मला वाचवलं बघ. सगळेच पिवळे, मला कोण बघतंय."

"घरी माहीत आहे?"

"कुणाला न्हाय. मांडव परतायला पोरगी येणार हाय. ती सुखात हाय एवढं बघतो, मग काय ते बघू." आणि म्हणाले, "तुला त्या मशीनवर सगळ्यांचा रंग सारखा करता येतो म्हणं. माझं तोंड तेवढं चारचौघांसारखं कर. पोरगी जन्मभर बघणार हाय ते."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. त्यांचा जीव, त्यांचं घर, त्यांची मुलगी, मी कोण? फोन ठेवला आणि ते काम केलं. प्रत्येक क्लिपमध्ये त्यांच्या चेहऱ्याभोवती हातानं कडा काढली, चेहरा हलेल तशी ती कडा हलवत नेली, आतला पिवळा कमी केला, थोडी लाली घातली. डोळे वेगळे केले. माझ्या हातून इतकं नीट काम आधी झालं नव्हतं. भाईंनी पाहिलं आणि म्हणाले, "क्या बात है, दहा वर्षांनी तरुण केलास माणूस."

मांडव परतायला मुलगी माहेरी आली आणि फिल्म बघायला सोलापूरला आली. नवरा खाली चहाच्या गाडीवर थांबला, ती वर आली. हातात हिरवा चुडा तसाच. मी तिला खुर्ची दिली आणि फिल्म लावली. नव्या नवऱ्या फिल्ममध्ये स्वतःला बघतात, केस बघतात, दंड जाड दिसतोय का ते बघतात. ही अप्पा आले की पुढं वाकत होती.

"अप्पा किती बरे दिसतात यात," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "आता लई खराब झालेत. मी घरी आले तर ओळखू येईनात. कावीळ झालीय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर कशाला? आमच्याकडं एक झाडपाल्याचं औषध देतात, नाकात थेंब टाकतात, पिवळं सगळं उतरतं. उद्या नेतोय. मला जरा धास्ती होती की आधीपासून अंगात असेल म्हणून. पण हे बघा ना, लग्नात काहीच नव्हतं. म्हणजे ताजीच आहे. मी आईला तेच सांगते आता."

भाई दारात उभे होते. ते खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ मला चांगला कळतो.

अप्पांचं तोंड मुलीच्या आठवणीसाठी नीट करायचं, इथवर मी स्वतःला समजावलं होतं. आता त्या तोंडाकडे बघून ती त्यांचं औषधपाणी ठरवत होती. मी फिल्म थांबवली. रिसेप्शनच्या क्लिपवर गेले आणि केलेला सगळा रंग बंद केला. एका बटणाचं काम असतं ते.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "हे काय केलंत?"

"हे कॅमेऱ्यात आलेलं आहे. आधीचं मी केलेलं होतं."

"हळद असेल ती."

"तुमच्या मिस्टरांचे डोळे बघा. आता अप्पांचे बघा."

तिनं बघितलं. चुड्यातला हात तोंडावर गेला. मग मी सगळं सांगितलं, गाठ, मोठा दवाखाना, लग्नाआधीचं दाखवणं. अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही बसून हे असं रंगवलंत."

"त्यांनीच सांगितलं होतं."

"ते तर सांगतीलच. ते बाप आहेत माझे. तुम्ही कोण?"

हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता, पण तिच्या तोंडून तो वेगळा लागला. मग तिनं पदर खोचला आणि मोबाईल पुढं केला. "रंग न लावलेली क्लिप द्या यात. दवाखान्यात विचारतील कधीपासून म्हणून." मी हळदीची दिली नाही, रिसेप्शनची दिली. ती जिना उतरली. खालून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "झालं का? कशी झालीय?" तिचं उत्तर ऐकू आलं नाही.

भाई आत येऊन बसले. मला वाटलं, आता नोकरी गेली. ते म्हणाले, "पानी पी पहले." आणि स्वतःच ग्लास भरून आणला.

पुढच्या आठवड्यात अप्पांचा फोन आला. सोलापुरातल्याच एका दवाखान्यातून. आवाज बारीक झाला होता. "जावयासमोर उघडं पाडलंस की गं मला. त्याचा बाप, भाऊ, सगळी येऊन उशाशी बसल्यात. मला पाणी पाजतात. पोरीच्या सासरच्यांच्या हातचं पाणी."

"उशीर झालाय का अप्पा? काय म्हणतात डॉक्टर?"

"मला सांगंनात. पोरीला बाहेर नेऊन सांगतात." मागून कुणीतरी त्यांना पडून राहा म्हणालं, तरी ते बोलत राहिले. "नळी घातलीया. पिवळं जरा उतरलंय म्हणतात." आणि फोन ठेवला. रागावले होते की नाही, मला अजून सांगता येत नाही.

त्यानंतर मी दोनदा फोन लावला. वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा लावायचं धाडस होत नाही.

फिल्म अजून आमच्याकडे आहे. एकाच फोल्डरमध्ये दोन, एकीत अप्पा निरोगी, एकीत जसे होते तसे. परवा भाई म्हणाले, "जागा कमी पडतेय. त्या मंगळवेढ्याच्या लग्नाचं काय करायचं? कोणती द्यायची त्यांना, ठरवलंस?"

मी म्हटलं, "न्यायला येतील त्यांनाच विचारू."

अजून कुणी आलेलं नाही.