ती कमीच खाते

लेकीने आम्हाला एका महागड्या स्पॅनिश हॉटेलात नेलं. तिथे छोट्या बश्या टेबलाच्या मधोमध येतात आणि सगळे त्यातूनच खातात. कोळंबी आली, तशी आमची ही हात आवरून बसली.

"तुमचं होऊ द्या आधी."

"आई, इथे मागची पंगत नसते गं!" लेक म्हणाली.

जावई हसले. "आई कमीच खातात, नाही का बाबा?"

हे वाक्य माझंच. चाळीस वर्षं मी ते पाहुण्यांना ऐकवलं. पुरुष जेवून उठल्यावर जेवढं उरतं तेवढीच बाईची भूक ठरते, आणि आपण त्याला तिचा स्वभाव म्हणतो.

"खोटं आहे ते," मी मोठ्याने म्हणालो. "तिला पोटभर लागतं. मीच उरू देत नव्हतो."

"अहो, हळू. लोक बघताहेत."

"बघू देत." मी बशी तिच्यापुढे सरकवली.

तिने ती एकटीने संपवली. मग लेकीला म्हणाली, "अजून एक मागव."