कुंपणाचा सोनटक्का

लोणावळ्याला रेल्वेच्या बैठ्या चाळीत बिऱ्हाड केलं तेव्हा मी माहेरून, बेडशाहून, सोनटक्क्याचे चार गड्डे आणले होते. मोरीचं पाणी जातं तिथं लावले. इथल्या पावसात मोगरा कुजतो, सोनटक्का मात्र फोफावतो. दुसऱ्या वर्षी तो शेजारच्या कुंपणाला टेकला. भाद्रपदात मागचं दार उघडलं की वास आधी आत येई.

आमचे हे इंजिनावर होते. घरी असले तरी झोपलेले. मूलबाळ नव्हतं, आणि आपणहून कुणाशी बोलायचं म्हटलं की मला सुचत नसे.

शेजारच्या मावशी सकाळी देवासाठी फुलं तोडायला कुंपणाशी येत. देवाच्या फुलांना कोण विचारतं? तोडता तोडता माझ्या खिडकीकडे बघून बोलत. "उठलीस का गं? चूल न्हाई पेटली अजून? नवरा उपाशी जायचा बरं!" मी आतून नुसती हसे. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस.

एकदा पावसाची झड लागली. मावशींचं लुगडं भिजू नये म्हणून मीच फुलं तोडली, हळदीच्या पानात गुंडाळून कुंपणाच्या खांबावर ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. मावशींनी पुडी उचलली आणि खिडकीकडे न बघताच गेल्या. तिसऱ्या दिवशी पुडी दुपारपर्यंत तिथंच होती.

मग नळावर मावशींना एकीला सांगताना ऐकलं, "आता मापून देतीया फुलं. मी काय समद्या फांद्या मोडत व्हते?" मी मागेच घागर घेऊन उभी होते.

ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा मावशींना. "फुलांचं काय सांगायचं?" म्हणून त्यांनी कूस बदलली.

मी तोडणं सोडलं. फुलं झाडावरच पिवळी पडून गळाली. मावशी आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी गौरींच्या आधी नळावर आम्ही दोघीच होतो. मी एका दमात बोलले, "मावशी, तुम्ही भिजू नये म्हणून तोडली होती. या ना तुम्ही. तुमच्या हातानं तोडा."

त्या हसल्या. "आगं बया! तवाच का न्हाई बोललीस? आता आमच्या दारातच लावलाय की. लेकीनं कामशेताहून गड्डे धाडले. लय फुललाय."

"बरं झालं," मी म्हटलं. घागर अर्धीच भरली होती. तशीच उचलून घरी आले.