हळदीकुंकवाला दाखवलेला भयपट

माझ्या भावाने केलेला एकमेव सिनेमा आमच्या पनवेलच्या घरात, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, भर दुपारी अंधार करून दाखवला गेला. तो भयपट होता. दोन मित्र शहराखालच्या एका जुन्या भुयारात शिरतात, परत येत नाहीत, त्यांचा कॅमेरा तेवढा सापडतो. आपण पाहतो ते त्या कॅमेऱ्यातलं चित्रण, अशी त्याची रचना होती. या प्रकाराला फाउंड फुटेज म्हणतात हे मला त्याच्याकडूनच कळलं. भुयार म्हणजे नवीन पनवेलमधल्या, बांधकाम थांबलेल्या एका इमारतीचं तळघर. मी तेव्हा भूशास्त्रात एम.एस्सी. करत होते. खडकाच्या भेगांतून पाणी कसं झिरपतं, बंद जागेत आवाज कसा परततो, एवढे सल्ले माझे होते. बाकी सगळं, दोघांतल्या एका मित्राचं कामसुद्धा, त्याचं.

त्याने इंजिनीअरिंग अर्ध्यावर सोडलं होतं आणि सिनेमे करायला बाबांकडे एक वर्ष मागितलं होतं. बाबा सरकारी कचेरीत होते आणि घरातले निर्णयही ते कचेरीच्याच पद्धतीने देत.

"चार लोकांना दाखव. काय म्हणतात ते मी ऐकतो. कुणाला खरंच काही वाटलं, तर वर्ष तुझं. नाहीतर सोमवारी जासईला हजर व्हायचं. मी शब्द टाकलाय."

जासईला कंटेनरच्या गोदामांची रांग आहे. त्यांतल्या एका ठिकाणी बाबांच्या ओळखीने त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली होती.

मला या अटीत आशा दिसली, कारण ती तपासून पाहता येण्याजोगी होती. अनोळखी मुलं बोलवावीत, प्रत्येकाचं मत स्वतंत्रपणे घ्यावं, म्हणजे पहिल्याचं ऐकून दुसरा बोलणार नाही, असा माझा आराखडा होता. पण कॉलेजांच्या परीक्षा सुरू होत्या, मुलं मिळेनात आणि सोमवार तोंडावर आला. तेव्हा आईने तोडगा काढला.

"शनिवारी माझ्या बायका येणारच आहेत. त्यांना दाखवा."

"आई, हळदीकुंकवाला भुताचा सिनेमा?"

"मग? गौर काही घाबरत नाही. आणि माझ्या बायका तर तुमच्या बाबांनासुद्धा घाबरत नाहीत."

मध्येच कुणी उठून जाऊ नये म्हणून तिने एक व्यवस्थाही केली. आंबेडाळ आणि पन्हं आधी, मग सिनेमा, आणि हळदीकुंकू व हरभऱ्याची ओटी सर्वांत शेवटी. कुंकू घेतल्याशिवाय सवाष्ण घराबाहेर पडत नाही, यावर तिचा पूर्ण भरवसा होता. मुलाला प्रेक्षक धरून ठेवता यावेत म्हणून तिने आपल्या परीने केलेली ही सगळ्यांत मोठी मदत होती. ती थेट त्याच्यावर उलटणार आहे, हे तिच्या, आणि खरं तर माझ्याही, लक्षात आलं नाही.

बायका भिंतींना टेकून बसल्या. दार लावलं, खिडक्यांवर चादरी टाकल्या, पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा मंद केला. बाबा आतल्या खोलीत दार किलकिलं ठेवून बसले. भाऊ स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा होता. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मतं सिनेमा चालू असतानाच येऊ लागली.

"यात हिरॉईन नाही का गं?"

"सारखा हलतोय. मला तर गरगरायला लागलं."

"अहो, पण एवढं सगळं होतंय, तर हा मेला तो कॅमेरा खाली का नाही ठेवत?"

हा शेवटचा प्रश्न या प्रकारच्या प्रत्येक सिनेमाला विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. मरणाच्या दारात माणूस चित्रण का करत राहील? पण तो विचारला गेला, याचा अर्थ विचारणारीला कॅमेरा दिसत होता, भुयार नाही.

मोरा बंदरावरून मासे घेऊन दारावर येणाऱ्या मावशींनाही आईने आग्रहाने बोलावलं होतं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "बाय, भूत कुठं हाय? मना तं काय दिसला नाय. पन पोरगा झ्याक दिसतंय आपला." सगळ्या हसल्या. भाऊही हसला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू मला बघवेना.

शेवटाकडे, दोघे मित्र अंधारात धावत सुटतात आणि चित्र सर्वाधिक हलतं तिथे, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू उठल्या. त्या आईच्या सगळ्यांत जवळच्या. बायकांच्या पायांतून वाट काढत त्या दारापाशी गेल्या, कडी काढली आणि निघून गेल्या. उघड्या दारातून ऊन थेट पडद्यावर आलं. आई करंडा हातात घेऊन जिन्यापर्यंत धावली. "अहो, कुंकू तरी!" त्या थांबल्या नाहीत.

उरलेल्या बायकांनी कुंकू घेताना एकमुखाने सांगितलं, छान झालाय हो सिनेमा. ज्या सुरात डाळ छान झाली म्हणाल्या होत्या, त्याच सुरात. सगळ्या गेल्यावर बाबा बाहेर आले.

"सणाला आलेली सवाष्ण घरातून कुंकू न घेता गेली. लोकांचं मत कळलं मला."

आई नुसती रडत राहिली. भावाने वायर गुंडाळली.

मला मात्र ते उठून जाणं हे त्या दुपारचं एकमेव खरं मत वाटत होतं. ज्या घरात सगळ्या सौजन्याने बांधलेल्या होत्या, तिथे एकीला ते बंधन तोडावं लागलं, तर त्याला कारण असलंच पाहिजे. रविवारी सकाळी मी काकूंकडे गेले. त्यांचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. काका भाजी आणायला गेले होते.

"आईला सांग, डाळ बाधली मला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"काकू, त्याचं वर्षभराचं सगळं यावर आहे. तुम्हाला भीती वाटली असेल, तर तेवढंच बाबांना येऊन सांगा. मी पाया पडते तुमच्या."

त्यांनी हातातली गवारीची शेंग मोडली. मग म्हणाल्या, "ते कडी लावतात ना बाहेरून, ते त्याला कुणी सांगितलं?"

सिनेमाच्या मध्यावर ती जागा होती. मित्र भुयाराच्या तोंडाशी परत येतात आणि दाराला पलीकडून कुणीतरी कडी घालतं. पडद्यावर फक्त काळोख. भाऊ त्या जागेला किरकोळ समजत असे. त्याचा सगळा जीव शेवटी भिंतीवर दिसणाऱ्या सावलीत होता.

"कुणीच नाही. त्याचं त्यालाच सुचलं."

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला कोठीच्या खोलीत कोंडायच्या. मीठ जास्त पडलं, कोंडलं. माहेरचं पत्र आलं, कोंडलं. कडी घातली की माणूस लगेच जात नाही गं. जरा उभा राहतो. आतून आवाज येतो का ऐकतो. मग पावलं जातात. तुझ्या भावाने ते थांबणंसुद्धा घेतलंय. पुढचं मी काही पाहिलंच नाही. बसून राहिले कुंकवासाठी, पण नाही जमलं."

"बाबांना एवढंच सांगा की भीती वाटली."

"मग विचारतील, कशाची. मुलांना माहीत नाही हे. यांना माहीत होतं की नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. आता या वयात विचारू? माझी शपथ आहे तुला. कुणाजवळ बोलायचं नाही."

मी घरी आले. भाऊ गच्चीत टाकीला टेकून बसला होता.

"त्या घाबरल्या होत्या," मी म्हटलं.

तो ताडकन उठला. "कुठे? सावलीला?"

मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले.

"ताई, कुठल्या शॉटला ते सांग. एक माणूस एका ठिकाणी खरंच घाबरला असेल, तर मी आत्ता बाबांसमोर उभा राहतो. उद्या जात नाही. काय करायचं ते करू देत."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण तो जोडून पाहण्यात हुशार होता. कडी हा शब्द मिळाला असता, तर कधीही बंद न होणारं समोरचं दार त्याला संध्याकाळपर्यंत समजलं असतं, आणि त्या आनंदात तो ते कुणाकुणाला सांगत सुटला असता. माझ्या प्रत्येक श्वासागणिक त्याच्या चेहऱ्यावरची आशा विझत होती आणि मी ती विझताना पाहत होते.

"नेमकं नाही माहीत," मी म्हणाले.

"काल सगळ्या छान छान म्हणून गेल्या. आता तू सुरू झालीस." तो खाली बसला. "कॅमेरा हलला, त्यांना गरगरलं. एकीने सांगितलंच होतं की. शाळेतल्या पोराला समजावल्यासारखं नको करूस मला."

मी शपथ पाळली. मी बरोबर केलं की नाही, याचा निकाल मला आजही लावता आलेला नाही.

सोमवारी तो जासईला गेला. संध्याकाळी परतला तेव्हा आईने गरम गरम भाकरी वाढली आणि काय काम दिलं, असं विचारलं.

"रिकामे कंटेनर तपासायचे."

"म्हणजे काय करायचं?"

"आत जायचं. बाहेरून दार लावून घेतात. अंधारात उभं राहून बघायचं, कुठून उजेड येतोय का. भोक असेल तर पाणी शिरतं ना आत."

आईने भाकरीवर तूप घातलं. "मग? दिसला का उजेड?"

"नाही," तो म्हणाला. "चांगले होते सगळे."