अर्थ सांगायचा राहिला

वानखडे सर माझ्या भाजीच्या दुकानासमोर काहीतरी बोलले आणि गप्प झाले. मालतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हसून विचारले, "एखादा पक्षी?" सर बोलले नाहीत. चहावाला गजानन म्हणाला, "बैलाचा रोग असन!" सगळे हसले. मालतीबाई पुढचा अंदाज करत होत्या. मी मान वर केली.

"बाई, सरकडे पाहा! तोंड वाकडं होऊन राहिलं."

न कळणाऱ्या शब्दाच्या अर्थाचा अंदाज करायची ही सवय सरांनीच लावली होती. ते तेल्हाऱ्याला इंग्रजीचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर अकोल्यात जठारपेठेत राहायला आले. रोज सकाळी दोघे भाजीला यायचे. पिशवी मालतीबाईंच्या हातात, सरांच्या तोंडात शब्द. साधा शब्द त्यांना चालत नसे. क्यू आहे पण पुढे यू नाही, नाहीतर ए, ई, आय, ओ, यू यांतले एकही अक्षर नाही, असा काहीतरी शोधून आणायचे. शब्द म्हणायचे आणि ओठ मिटून उभे राहायचे. तीन अंदाज चुकल्याशिवाय अर्थ सांगायचे नाहीत, मग मागे गिऱ्हाईक कितीही खोळंबो.

मी चौथी शिकलेली. इंग्रजीशी माझा संबंध नाही. एकदा म्हणाले, "झार्फ. आधी झेड, शेवटी एफ. सांगा मावशी."

"मले काय माईत? मेथी घेता का?"

अंदाज चुकल्यावर म्हणाले, "कान नसलेल्या पेल्यात गरम कॉफी देतात, त्या पेल्याची धातूची पकड. हात भाजू नये म्हणून."

"आमी पदर लावतो."

सर एवढे हसले की शेजारची फुलवाली उठून पाहायला आली.

दुसऱ्या दिवशी कूम आणला. सी, डब्ल्यू, एम. डोंगराच्या कुशीतली खोलगट जागा. मी वैतागून विचारले, "सर, हे कोण बोलते? काहून एवढा खटाटोप?" तर म्हणाले, "कोणीच बोलत नाही, मावशी. घरात पडून राहिलेल्या म्हाताऱ्याला जरा उन्हात फिरवून आणावं, तसं आहे हे."

त्या सकाळी दुकानासमोर सरांना लकवा मारला होता. मुलगा अमरावतीला असतो, त्याने त्यांना तिकडच्या दवाखान्यात नेले. वाचतील की नाही, वाचले तर बोलतील की नाही, डॉक्टर काही सांगेनात. मी बसने जाऊन आले. सर जागे होते. मालतीबाई त्यांच्या कानाशी वाकून बोलत होत्या.

"अहो, एखादं हत्यार? जुनं कापड? नदीचं नाव? तीन कधीच झाले. आता सांगा ना."

मी त्यांना बाहेर नेले. "बाई, त्या दिवशी तो शब्द नव्हता. जीभ लुळी पडली होती."

"शब्दच होता, मावशी. अर्थ नसलेलं हे कधी बोलले नाहीत."

"तुमच्या जिवाले त्रास करून घेऊन राहिल्या तुमी."

"मग मी त्यांच्याशी काय बोलू?"

 त्या आत गेल्या, खुर्ची पलंगाजवळ ओढली. "अहो, एखादं झाड?" सर त्यांच्याकडे पाहत होते. 

त्याच आठवड्यात सर गेले. मालतीबाई आहेत, अजून त्या शब्दाचा अंदाज करतात.