खाली पडलेला रूळ वाजला

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. भूत, चकवा, करणी असल्या भानगडींना माझ्या घरात थारा नाही. आम्ही धम्म घेतलेली माणसं. चौकात उतारा दिसला की माझा बाप लाथेनं उडवायचा, आणि मीही तसाच. तरी हे लिहून राहिलो... कारण मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. रिसालीच्या बाजूला मजुरांचा एक कॅम्प होता – पत्र्याच्या खोल्यांच्या समोरासमोर दोन लांब लाईनी – आणि मी त्याचा इनचार्ज. खोल्या वाटणं, पाण्यावरची भांडणं सोडवणं, पिऊन आलेल्याला दम भरणं, हे माझं काम. आवाज दणदणीत, त्यामुळे जमायचं. लाईनीच्या तोंडाशी कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेनं टांगलेला होता. पाण्याची गाडी आली की मी तो ठोकायचो आणि सगळा कॅम्प हंडे घेऊन धावत सुटायचा.

त्या उन्हाळ्यात हैजा, म्हणजे कॉलरा आला. मी सरळ रीतच बदलली. विहिरीवर फळ्या ठोकल्या. रूळ वाजला की धावायचं नाही, आपापल्या दारात हंडा घेऊन उभं राहायचं. गाडी दारोदार फिरेल. ज्याचं दार उघडलं नाही, तिथं आधी डॉक्टर जातील. लोक कुरकुरले. मी ऐकलं नाही, आणि बरोबरच केलं.

बायकोला, शांताला, मात्र माहेरी धाडावं असं माझ्या मनात होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्या जिवाची मला फार भीती वाटायची.

"गोंदियाच्या गाडीत बसून जाय," मी म्हटलं.

"कावून? लोकायले म्हनता दार सोडू नोका, अन् बायकोले म्हनता गाव सोड. मी नाई जात."

तिच्यापुढे माझा आवाज कधी चाललाच नाही.

एके दिवशी सकाळी तार तुटून रूळ खाली पडला. पडलेल्या रुळावर हातोडा मारून पाहिला, तर नुसता ठप्प आवाज. संध्याकाळी नवी तार बांधू म्हणून हातोडा कमरेला खोवला आणि दुपारी दवाखान्याच्या तंबूत डॉक्टरांशी बोलत बसलो.

आणि रूळ वाजला. टांगलेला वाजतो तसाच – खणखणीत, मागे घुमत राहणारा.

"आज गाडी लवकर आली का?" डॉक्टरांनी विचारलं. म्हणजे त्यांनीही ऐकला.

मी तावातावानं निघालो, डॉक्टर पेटी घेऊन माझ्या मागे. रूळ धुळीत तसाच पडलेला. हातोडा माझ्या कमरेला. गाडीचा पत्ता नाही. पण लाईनीत माणसं हंडे घेऊन दारादारात उभी होती.

"कोनं वाजवला बे?" मी ओरडलो.

"तूच वाजवला ना बाबू," समोरच्या खोलीतले रामटेकेकाका म्हणाले. "म्हनून तं उभे झालो आमी."

शिव्या देत, सवयीनं एकेक दार पाहत मी पुढे गेलो. सगळी उघडी. एकच बंद होतं, आणि ते माझं होतं.

लाथ मारून कडी तोडली. शांता रिकाम्या हंड्याजवळ पडली होती, डोळे खोल गेलेले, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सकाळी हिनंच मला हसत भाकर वाढली होती. डॉक्टरांनी तिथंच सलाईन लावलं. नंतर म्हणाले, गाडी येईपर्यंत थांबलो असतो तर सुई लावायला शीरही सापडली नसती.

शांता वाचली. मी मागे लागून सगळं तपासलं – पत्रा आपटला का, रेल्वेचं शंटिंग चाललं होतं का, कोणी मस्करी केली का. काही हाती लागलं नाही. कोणी म्हणतात भास झाला. अख्ख्या कॅम्पाला एकदम भास कसा होईल, ते मला कोणी समजावून सांगावं.

शेवटी शांतालाच विचारलं, तुला आवाज कसा आला?

"मले तं आलाच नाई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी वाजला तो. मले कायले आयकू येईन?"